ही यादी मला मान्य नाही

तुझी यादी मिळाली. दोन पानं, आखलेले रकाने, प्रत्येक गाण्यापुढे वेळ, आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'बाई, मंगलाष्टका तुम्ही म्हणाल ना? बाकीचं डीजे बघून घेईल.' मंगलाष्टका म्हणायच्या की नाही ते मी नंतर सांगेन. आधी यादीबद्दल बोलू. ती वाचून मला राग आला आहे आणि तो मी झाकून ठेवणार नाही.

तू लहानपणापासून माझ्याकडे शिकलीस. तंबोरा जुळवायला बसवायची तेव्हा तुला मी एकच सांगत असे, तोंड उघडायच्या आधी कान उघड. आणि आज स्वतःच्या लग्नाची गाणी ठरवायची वेळ आली तेव्हा तू कानांना विचारलंच नाहीस. या यादीतलं एकही गाणं तू पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत ऐकलेलं नाहीस, हे मी पैजेवर सांगते. तू मोबाइलवर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे पाहिलेस. ज्या तुकड्यावर दुसऱ्या कुणाची तरी नवरी फुलांच्या चादरीखालून चालत आली, तो तुकडा उचललास आणि वेळेच्या रकान्यात चिकटवलास. याला निवडणं म्हणत नाहीत. ही उचलेगिरी आहे, आणि ती तुला शोभत नाही.

पहिलंच घे. तू मांडवात येणार ती 'सैराट'च्या शीर्षकगीतावर. तुमचं लग्न दोन जातींतलं. तुझे वडील वर्षभर तुझ्याशी बोलत नव्हते आणि तुझ्या आईनं ते वर्ष कसं काढलं, हे मला ठाऊक आहे. आता त्याच वडिलांचा हात धरून तू पाचशे माणसांसमोरून चालत येणार. २०१६ साली आलेला तो सिनेमा तू पाहिला आहेस. आर्ची आणि परश्या हैदराबादला पळून जातात, मोलमजुरी करून संसार उभा करतात, त्यांना मूल होतं. मग माहेरची माणसं भेटीच्या निमित्तानं येतात आणि दोघांना मारून टाकतात. शेवटी ते तान्हं पोर रक्ताची पावलं उमटवत घराबाहेर जातं. नागराज मंजुळ्यांनी तिथे सगळं संगीत थांबवलं आहे. का थांबवलं असेल, याचा विचार केलास कधी? तुझ्या वडिलांनी तो सिनेमा पाहिलेला नसेल असं तुला वाटतं का? तुझ्या काकांनी? ज्या माणसानं मनातला सगळा राग गिळून तुझा हात हातात घेतला, त्याला मांडवाच्या दारात तू त्या गोष्टीची आठवण करून देणार आहेस.

गाण्यात खोट काढत नाही मी. अजय-अतुल यांनी या सिनेमाच्या संगीतासाठी थेट लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनीचा मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. मराठी सिनेमाला असा थाट क्वचितच मिळाला असेल. घरी बसून ते मन लावून ऐक, मीही ऐकते. पण चांगलं गाणं आणि या घटकेचं गाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐन दुपारी मालकंस गायला बसलीस म्हणून एकदा तुला मी मैफिलीतून उठवलं होतं, ते विसरलीस?

तुझ्या न्यू जर्सीच्या दिराचा आग्रह म्हणे, रिसेप्शनला तुम्ही दोघं व्यासपीठाकडे निघालात की कीबोर्डवर ती विलायती लग्नाची धून वाजलीच पाहिजे. त्याला सांग, ती सुरावट वाग्नरच्या 'लोहेनग्रिन' या ऑपेरातली आहे. तो ऑपेरा १८५० साली वायमार इथे पहिल्यांदा झाला. त्यात ही धून वाजते ती लग्न लागल्यानंतर, नवरा-नवरीला शयनगृहात पोचवताना. त्याच रात्री ते लग्न मोडतं, नवरा कायमचा निघून जातो आणि नवरी प्राण सोडते. १८५८ साली व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात ही धून आणि मेंडेल्सझोनचं 'वेडिंग मार्च' वाजलं आणि तिथून पुढे ती रीत होऊन बसली. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत चर्चमधल्या लग्नाला या सुरावटी वाजतात, त्याला तिथल्या पिढ्यांचा आधार आहे. पण त्याच घरांत लग्नाआधी रोसच्या दिवशी नारळाचं दूध अंगाला लावताना कोकणी गाणी होतात आणि रिसेप्शनला मांडो म्हटला जातो. आपलं त्यांनी सोडलेलं नाही. तुमच्या दोन्ही घरांत या धुनेची ना रीत आहे, ना ओळख. मग ती कशासाठी?

सिनेमाची गाणी लग्नात नकोतच, असं माझं म्हणणं नाही. पूर्वी बँडवाले तीच वाजवायचे आणि माझ्या स्वतःच्या वरातीतही ती वाजली. पण निवडायचं तर गाण्याचा दुसरा आणि तिसरा अंतरा ऐक. ते कोण कुणाला म्हणतं, कुठल्या प्रसंगात म्हणतं, पुढे त्या माणसांचं काय होतं, हे बघ. तुझ्या वरमालेच्या गाण्यात ती दोघं कायमची ताटातूट होण्याआधी शेवटचं भेटतात. ध्रुपद गोड आहे, तेवढं ऐकून तू थांबलीस. गंमत म्हणून सांगत नाही, कायद्यालासुद्धा लग्नातल्या संगीताचं मोल तुझ्याहून जास्त कळलं आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात धार्मिक विधींमधल्या संगीताला सूट आहे आणि तिच्यात लग्नाची मिरवणूक आणि लग्नानिमित्तचे समारंभही धरले आहेत. कायदा लग्नातल्या गाण्याला विधीच्या शेजारी बसवतो. तू त्याला जेवणाच्या हॉलमधल्या पंख्याच्या आवाजासारखं नुसतं चालू ठेवायला निघाली आहेस.

आता ज्या जागेनं मला सर्वांत जास्त दुखवलं, तिच्याकडे येते. सकाळी दहा वाजता मुलाकडच्या पद्धतीनं, बौद्ध पद्धतीनं विधी आहे. तुझ्या यादीत त्या तासापुढे काहीच लिहिलेलं नाही. नुसती रेघ आहे. संध्याकाळच्या तुझ्या प्रवेशाला तू तीन पर्याय लिहिलेस, पुन्हा त्यांना तारे काढून क्रम दिलास, आणि सकाळच्या त्या पूर्ण तासाला एक रेघ! ती मोकळी का राहिली ते मी सांगते. तुला तिथे काय म्हणतात ते माहीत नाही, आणि माहीत करून घ्यावंसं वाटलं नाही. त्रिसरण आणि पंचशील झालं की जयमंगल अठ्ठगाथा म्हणतात. पालीतल्या आठ गाथा आहेत त्या, बुद्धानं मिळवलेल्या विजयांच्या. त्यांना चाल आहे, ठाय लय आहे, आणि सगळी माणसं मिळून म्हणतात तेव्हा अंगावर काटा येतो. तू गाणारी मुलगी. त्या घरात सून म्हणून जाताना त्या आठ गाथा तुला पाठ असायला हव्या होत्या. मुलाच्या आईकडे गेली असतीस तर त्या माउलीनं तुला दोन संध्याकाळींत शिकवल्या असत्या, आणि ती शिकवणी तुम्हा सासू-सुनेला जन्मभर पुरली असती. त्या घरात वामनदादा कर्डकांची गाणी रोज लागतात, हे तूच मला सांगितलं होतंस. नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचा हा माणूस. आयुष्यभर गावोगाव फिरून गात राहिला, २००४ साली गेला, तरी अजून मराठवाड्यापासून मुंबईच्या चाळींपर्यंत लोक त्याच्या चाली गुणगुणतात. तुझ्या दोन पानांत त्याचं एक गाणं नाही. लग्न दोन घरांचं आहे ना? मग यादी एकाच घराची कशी?

आणि आता मंगलाष्टका. तुझ्या मामेबहिणींनी तीन मंगलाष्टका रचल्या आहेत, त्या तू सोबत पाठवल्यास. त्या म्हणायच्या एका गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर. एकीत तुझ्या माहेरच्या अकरा नातेवाइकांची नावं आहेत, दुसरीत तुझ्या कंपनीचं नाव आहे. मुहूर्त ६ वाजून ३१ मिनिटांचा, पत्रिकेवर ठसठशीत छापलेला. सगळी माणसं मुठीत अक्षता धरून उभी राहणार, अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना तुम्ही दोघं, आणि मामेबहीण ध्वनिक्षेपक हातात धरून आत्यांची नावं मोजणार. मुहूर्ताची घटका अशी उधळायची असेल तर ज्योतिषाला विचारलंस तरी कशाला?

मंगलाष्टका कशात रचतात ते मी तुला नववीत शिकवलं आहे. शार्दूलविक्रीडित. एका चरणात १९ अक्षरं. म, स, ज, स, त, त हे सहा गण आणि शेवटी एक गुरू. बाराव्या अक्षरावर यती. पहिल्या १२ अक्षरांत १८ मात्रा आणि पुढच्या ७ अक्षरांत १२, मिळून ३०. हे गणित उगाच केलेलं नाही. सुरुवातीला तीन गुरू लागोपाठ येतात म्हणून आवाज भारदस्तपणे उभा राहतो. मध्ये लघू अक्षरं आली की तो चालू लागतो, यतीला श्वास मिळतो, आणि शेवटच्या सात अक्षरांत तो खाली उतरून आशीर्वादापाशी येतो. म्हणूनच एक म्हणणारा असला तरी हॉलभर माणसांना अक्षता नेमक्या कधी टाकायच्या हे न सांगता कळतं. वृत्त मोडलंस की माणसांना कळेनासं होतं. मग कुणी आधी टाकतो, कुणी नंतर, आणि उरलेले भटजींच्या तोंडाकडे बघत बसतात. मामेबहिणींना कविता करायची हौस आहे, ती चांगलीच आहे. त्यांनी खुशाल नव्या मंगलाष्टका लिहाव्यात. पण अक्षरं बोटावर मोजून लिहाव्यात. नावं घालायची तर गणात बसतील तेवढीच. आणि चाल जी आहे तीच. तिच्यावर डल्ला मारायचा नाही.

जुन्या शब्दांत तुमचं मन रमत नसेल तर त्यालाही वाट आहे, आणि ती दीडशे वर्षांमागेच घातली गेली आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला, त्याच वर्षी त्या पद्धतीनं पहिलं लग्न लागलं. १८८७ साली त्यांनी मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधींची पुस्तिका छापली. तिच्यातल्या मंगलाष्टका नवरा-नवरीनं एकमेकांना म्हणायच्या आहेत. नवरी भर मांडवात नवऱ्याकडे स्त्रियांच्या हक्कांची शपथ मागते आणि नवरा ती घेतो. जाती ओलांडून लग्न करणाऱ्या जोडप्याला याहून जवळचं दुसरं काय मिळणार? आणि बघ, भटजी बाजूला सारला, संस्कृत बाजूला सारलं, पण फुल्यांनी वृत्त मोडलं नाही. एवढं मोठं बंड करणारा माणूस १९ अक्षरं मोजून करतो, आणि तुम्हाला तीन मंगलाष्टका नीट मोजता येत नाहीत. ती पुस्तिका महात्मा फुले यांच्या समग्र वाङ्मयात आहे, कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात मिळेल. दोघांनी मिळून वाचा. तुम्ही स्वतः त्या म्हणणार असाल तर मी शेजारी उभी राहून सूर देईन. सिनेमाच्या चालीवर म्हणायच्या असतील तर मी त्या हॉलमध्ये पायसुद्धा ठेवणार नाही.

सनईचं काय केलंस? 'सनई – पेन ड्राइव्ह.' सकाळपासून रात्रीपर्यंत एकच ध्वनिमुद्रण फिरत राहणार. तू पाठवलेलं मी ऐकलं. त्यात ललत आहे. गोरज मुहूर्ताला, सूर्य मावळत असताना, पहाटेचा ललत! हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी गप्प बसले असते. तुला थाट आणि प्रहर पाठ करून घेतले ते परीक्षेपुरते नव्हते.

ऐक नीट. पाच वाजल्यापासून माणसं यायला लागतील, तेव्हा मुलतानी किंवा भीमपलास. सूर्य कलला की पूरिया धनाश्री. मारवा नको. सांजवेळ असली तरी नको. त्यात पंचम नाही आणि षड्जावर स्थिर बसायला तो देत नाही, जीव टांगता राहतो. लग्नघरात तो अस्वस्थपणा कशाला? पूरिया धनाश्रीत पंचम आहे, ठहराव आहे. अंतरपाट धरला की सनई थांबेल, मंगलाष्टका होतील, आणि अंतरपाट दूर होऊन अक्षता पडल्या की यमन सुरू होईल. आता या दोन रागांचे सूर शेजारी मांडून बघ. गांधार, तीव्र मध्यम, पंचम, निषाद दोन्हीकडे तेच. बदलतात फक्त रिषभ आणि धैवत. मावळतीला ते कोमल असतात आणि दिवे लागले की शुद्ध होतात. त्याच घटकेला तुम्ही दोघं एकमेकांना हार घालता. ही जुळणी कुठल्याही डीजेच्या यंत्रात नाही. चांगला सनईवाला ती न सांगता करतो, कारण त्याच्या बापानं, आजानं हेच केलेलं असतं. जेवणाच्या वेळी हंसध्वनी, दुर्गा, पुढे बिहाग. तू निघशील तेव्हा भैरवी. रात्र असली तरी भैरवीच, तिला निरोपाची मुभा आहे.

प्रत्यक्ष सनई महाग पडते, असं तू म्हणशील. तुझ्याच हिशेबात डीजेचा आकडा आहे, त्याच्या धुराच्या यंत्राचा वेगळा आहे, आणि प्रवेशाच्या वेळी उडवायच्या थंड फटाक्यांचा आणखी वेगळा. एवढे पैसे आहेत आणि सनईला नाहीत? सनईच्या ताफ्यात एक जण नुसता षड्ज धरून बसतो. गालात हवा साठवून ती सोडता सोडता नाकानं श्वास घेतो आणि सूर तुटू देत नाही, तासन्तास. दुसरा वाजवतो, तिसरा मागून साथ करतो, चौघडा लय धरतो. अशा वाद्याला आपल्या देशानं स्वातंत्र्य मिळालं तेव्हा लाल किल्ल्यावर मान दिला. तिथे बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई वाजली, आणि २००१ साली त्याच माणसाला भारतरत्न दिलं. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाची सुरुवात सनईनं होते. तुला मी दरवर्षी पहिल्या सत्राला वेळेवर न्यायचे ते उगाच नाही. सनईवादन संपल्यावर येणाऱ्यांना मी रसिक म्हणत नाही.

हळदीला तुझ्या यादीत बारा गाणी आहेत, बाराही हिंदी, आणि सगळ्यांचा ठेका एकच. तुझी जुन्नरची आजी अजून खणखणीत बोलते. घाणा भरताना तिनं शेकडो लग्नांत ओव्या म्हटल्या आहेत. आंब्याची पानं बांधलेलं मुसळ, सवाष्णींचे हात, आणि त्या ठोक्यावर चालणारी ओवी. तिला तू एकदा तरी विचारलंस का? नाही विचारलंस. तिनं फोनवर मला सांगितलं, 'पोरीला आमचं गाणं नगं असंल.' त्या वाक्यानं मला रात्रभर झोप आली नाही. ओवी म्हणजे गावठी, असं तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वरानं 'मानसोल्लास' लिहिला, त्यात महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात याची नोंद आहे. म्हणजे तुझ्या आजीचं गाणं नऊशे वर्षांमागे एका राजाच्या ग्रंथात गेलेलं आहे. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून जिला मान आहे ती महदंबा, तेराव्या शतकातली, चक्रधरस्वामींची शिष्या. तिचं नाव ज्या रचनेवर राहिलं ती काय आहे? धवळे. लग्नाची गाणी. रिद्धपूरला गोविंदप्रभूंसमोर तिनं कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायले. आपल्या भाषेत बाईची कविता पहिल्यांदा आली ती लग्नाचं गाणं होऊन आली, आणि तू त्या भाषेत लग्न करताना एक मराठी ओळ हळदीला ठेवलेली नाहीस.

हे सगळं पुस्तकात गेलेलं आहे असंही समजू नकोस. रायगड-ठाण्याकडच्या आगरी आणि कोळी घरांत अजून धवलारीण येते, आणि तिच्या गाण्याशिवाय लग्नाचा विधी पुढे सरकत नाही. वारल्यांकडे सवाष्णी भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात तेव्हा धवलेरी गात असते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात लग्नाच्या, सासर-माहेराच्या, भावाच्या, बापाच्या किती निघाल्या. त्या बायांकडे अनोळखी माणसं टेपरेकॉर्डर घेऊन गेली. तू नात असून गेली नाहीस. या शनिवारी जुन्नरला जा. वही ने. आजी जे म्हणेल ते लिहून घे, चाल गळ्यात बसव, आणि हळदीला आजीला मधोमध बसवून तिच्यामागे तू म्हण. बाकीच्या मुलींना सूर लागेल तसा लागेल, तिथे मी कुणाला बोलणार नाही. हळदीत बेसूर चालतं. बेगडी चालत नाही.

संगीताच्या रात्रीबद्दल फार लिहीत नाही. ती चाल आपल्याकडे उत्तरेकडून आणि नव्वदच्या दशकातल्या सिनेमांतून आली, आली तर आली. पण त्या रात्रीचं नाव संगीत असून त्यात एकही माणूस तोंडानं गाणार नाही, हे मला पटत नाही. दोन महिने नाच बसवणाऱ्याला पैसे देऊन चाळीस सेकंदांच्या तुकड्यांवर काका-काकूंना नाचवता, त्यापेक्षा तुझा धाकटा भाऊ तबला बरा वाजवतो, तुझ्या नवऱ्याच्या वडिलांचा आवाज भरदार आहे. त्यांना एकेक गाणं म्हणू दे.

आवाजाचं मात्र बजावून सांगते. तुमच्या कार्यालयाच्या मागच्या भिंतीला लागून प्रसूतिगृह आहे, ते मी पाहिलं आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी घातली आहे, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं ती आणखी कडक केली. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा. रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात धरायची तरतूद आहे, तिथे मर्यादा याहूनही खाली. डीजेच्या भिंतीसमोर आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. १०० डेसिबलमध्ये कानाला सुरक्षित म्हणावा असा वेळ पंधरा मिनिटांचा. तुमची वरात दोन तासांची आहे, आणि तिच्यात तुझ्या बहिणीचं सहा महिन्यांचं बाळ आहे. गायिकेनं स्वतःच्या लग्नात तान्ह्या पोराचे कान खराब करायचे? डीजे रद्द कर. वरातीला हलगी आण, संबळ आण, ताशा आण. हलगीवर पाय थिरकले नाहीत असा माणूस मला सातारा-कोल्हापूरकडे भेटलेला नाही. आणि दहाच्या ठोक्याला सगळं थांबव. पोलीस येण्याची वाट बघू नकोस.

शेवटचं सांगते, आणि हे यादीत कुठेच नसतं. आपल्याकडे लग्नात वाजवलं कुणी? घडशी, गुरव, होलार, मातंग यांनी. पिढ्यानपिढ्या. आणि त्यांना बसवलं कुठे? मांडवाच्या बाहेर. जेवायला वाढलं कधी? सगळी पंगत उठल्यावर, उरलेलं. ज्यांच्या सुरावर लग्न शुभ झालं त्यांच्यातल्या कित्येकांचा स्पर्श अशुभ मानला. ही रीत अजून पुरती गेलेली नाही. मोठमोठ्या कार्यालयांत सनईवाले मागच्या जिन्यापाशी डबा उघडून बसलेले मी पाहते, आणि ठरलेल्या पैशांसाठी त्यांना पुढचे आठ दिवस फोन करत बसावं लागतं. तुम्ही दोघांनी जात मोडून लग्न करायचं ठरवलंत, त्यासाठी वर्षभर घरच्यांशी झगडलात, याचा मला अभिमान आहे. त्याच लग्नात वाजवणारा मागच्या दारी जेवला, तर तुमचं जात मोडणं पत्रिकेपुरतंच राहिलं असं मी समजेन. सनईवाले, चौघडेवाले, हलगीवाले, सगळ्यांना पहिल्या पंगतीत बसव, व्याह्यांच्या शेजारी. नवऱ्याच्या वडिलांना स्वतः वाढायला सांग, आणि तुझ्या वडिलांनाही. पैसे त्याच रात्री, मोजून, दोन्ही हातांनी दे.